पासष्ट फॅटची म्हैस

"अजिनाथ, नारळ धर," बजरंग शेठ म्हणाले, आणि अजिनाथने नारळ धरला.

शाल शेठच्या हातात होती. फेटा बांधणारा खास नगरच्या दिल्लीगेटवरून बोलावला होता आणि तो कंपनीतल्या नव्या पोरीच्या, ज्ञानेश्वरीच्या, केसांतल्या क्लिपपुढे हात टेकून उभा होता. कंपनीत आजवर सत्कार झाले ते शेठच्या जावयाचे, दोन-चार पुढाऱ्यांचे आणि एकदा नव्या कॉम्प्रेसरचा. कंपायलरपायी सत्कार हा पहिलाच.

"दोन शब्द बोल," शेठ अजिनाथला म्हणाले. "तू जुना माणूस. तुझाच कंपायलर तिने तोडला ना?"

"तोडला नाही शेठ, सुटा केला," ज्ञानेश्वरी फेट्याखालून म्हणाली.

"तेच ते. बोल रे."

अजिनाथने नारळ छातीशी धरला. "मॅडमनी काम चांगलं केलंय. आता टिकतंय किती दिवस ते बघायचं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढ्यांचं खोकं उघडलेलं दिसत होतं, त्यामुळे कोणी नीट ऐकलं नव्हतं.

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये ही कंपनी. खाली दूध डेअरीची मशीनं जोडायची आणि वरच्या मजल्यावर त्या मशीनचं डोकं तयार करायचं, असा कारभार. डोकं म्हणजे आतली ऑपरेटिंग सिस्टिम. गावोगावच्या डेअरीत लोक दूध ओततात, मशीन फॅट सांगतं, भाव लावतं, चिठ्ठी काढतं. आता भावाचा नियम दूध संघवाले वरचेवर बदलतात. तो नियम येतो माणसाच्या भाषेत आणि मशीनला तर माणसाची भाषा येत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे कंपायलर. आणि या दुभाष्याला बांधून, गुंडाळून प्रत्येक मशीनमध्ये नीट बसवायचं काम कंपनी निघाल्यापासून अजिनाथचं.

अजिनाथची पद्धत सरळ होती. भावाच्या प्रोग्रॅमला एक दुभाष्या, बिलाच्या प्रोग्रॅमला दुसरा, चिठ्ठीला तिसरा, टँकरच्या हिशोबाला चौथा. सगळे एकसारखेच, पण ज्याचा त्याच्यापाशी. मशीन त्या ओझ्याने दबून गेलं होतं. सकाळी बटण दाबलं की सेक्रेटरी चहा पिऊन, तंबाखू मळून, गावातल्या दोघांची बदनामी करून येईपर्यंत ते सुरू व्हायचं.

पण अजिनाथला सामाईक या शब्दाचीच शिसारी होती. तो पाथर्डीच्या पुढच्या कोरडवाहू भागातला. त्याच्या आज्याची विहीर चौघा भावांत सामाईक. पाणी असलं की पाळीवरून डोकी फुटायची आणि पाणी आटलं की गाळ कोणी काढायचा यावरून. मोटार जळाली की चार घरांची वावरं एकदम वाळायची आणि चारही घरं ठामपणे सांगायची, की शेवटी ती आम्ही चालवली नव्हती. त्यामुळे आपलं ते आपल्या बांधाच्या आत, हे अजिनाथने आईच्या दुधाबरोबरच घेतलं होतं.

ज्ञानेश्वरी बेलापूरची. तिकडे कॅनॉल. पाटकरी येतो, पाळी लागते, रात्री-बेरात्री का होईना पाणी आपल्या सरीत पडतं. सामाईक पाण्यावर तिच्या घरच्यांचा ऊस पिढ्यान् पिढ्या उभा होता. नोकरीला लागून वर्ष होत नाही तोच तिने अजिनाथचा दुभाष्या उकलला. वाचणारा भाग वेगळा, अर्थ लावणारा वेगळा, मशीनच्या भाषेत बोलणारा वेगळा. तिन्ही भाग शेअर्ड लायब्ररी म्हणून सिस्टिममध्ये एकाच जागी नेऊन ठेवले. ज्या प्रोग्रॅमला गरज पडेल त्याने तिथे यावं, काम करून घ्यावं, निघून जावं. चारपदरी ओझं गेलं. मशीन आता चहाला उकळी फुटायच्या आत सुरू व्हायचं.

दुसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला. वर ज्ञानेश्वरी, फेट्यात. खाली, "कंपायलरचे विभाजन करून कंपनीस नवी दिशा देणाऱ्या". तळाला शुभेच्छुकांची रांग. अजिनाथचा फोटो शुभेच्छुकांत कडेला होता, चहावाल्याच्या पुढचा. फ्लेक्स बांधणाऱ्याने तार ओवायला नेमकं त्याच्या गालाला भोक पाडलं होतं.

"तुमच्या पोटात दुखतंय," घरी आरती म्हणाली. ती त्याची बायको. निदान करायला तिला वेळ लागत नसे.

"माझ्या कशाला दुखेल?"

"मग भाजीवर राग कामून काढताय? त्या पोरीने काम केलं, तिचा फोटो लागला."

"काम कसलं? केलेल्याचे तुकडे केले. तुकडे करायला काय लागतं? माझ्या आईने हिच्याच गावच्या उसात कोयता चालवलाय. आता ही आमच्या कंपायलरवर चालवतीय."

"तिने नव्हतं बोलवलं आईंना ऊसतोडीला," आरती म्हणाली आणि त्याच्या ताटातली भाजी परत टोपात टाकली.

अजिनाथ वाट पाहत राहिला. रोज सकाळी तो तक्रारींचा फोन वाजतोय का याकडे कान लावून बसायचा, लग्नाच्या मांडवात नवरीकडचं जेवण कमी पडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेल्या वरमामासारखा. एकदा कुठूनसा फोन आला तेव्हा त्याने तो झडप घालून घेतला. मशीन आता लवकर सुरू होतं, त्यामुळे सेक्रेटरीला तंबाखू मळायला वेळ मिळत नाही, एवढीच तक्रार होती.

मग आईचा फोन आला.

दगडाबाई गावाकडे एकटी राहायची. एक गाय, थोडं वावर. अक्षरओळख नाही. पण मशीन सुरू होताना पडद्यावर पहिली ओळ यायची, "बांधणी - अजिनाथ गर्जे", आणि त्या ओळीचा आकार तिला पाठ झाला होता. ती ओळ अजिनाथनेच कधीकाळी टाकली होती. ती ओळ बघायला मिळावी म्हणून दगडाबाई डेअरीत सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहायची. तिच्यामागे दुसऱ्या नंबरला श्रीमंत, अजिनाथचा चुलतभाऊ. सामाईक विहिरीतला वाटेकरी. दगडाबाईचा पहिला नंबर त्याला बघवत नव्हता आणि तिच्याआधी उठणं जमत नव्हतं.

"मशीनवर तुझं नाव येईना रं," दगडाबाई म्हणाली. "निसतं सुरू व्हतंय. श्रीमंत म्हनला, कंपनीनं काढला वाटतं तुमच्या पोराला."

"तसं न्हाई आई."

"मी म्हनलं त्याला, तुझ्या तोंडात माती. पर नाव कुठं गेलं?"

नाव कुठं गेलं हे अजिनाथला आत्ता कळलं. ज्ञानेश्वरीने दुभाष्या सुटा केला तेव्हा ती ओळही गेली होती. बया नुसते तुकडे करून थांबली नाही, माझं नाव पुसलं. ठरवून पुसलं. त्या रात्री त्याला झोप आली नाही आणि आरतीलाही त्याने येऊ दिली नाही.

रविवारी तो मोटारसायकल काढून गावाला गेला. मशीनची सर्व्हिसिंग करतो म्हणाला. डेअरीचा सेक्रेटरी गहिनीनाथ बाजेवर पेपर वाचत पडला होता. "कर बाबा, घरचंच मशीन हाय," म्हणाला. अजिनाथने भावाचा प्रोग्रॅम उघडला आणि त्याच्या पोटात आपला जुना अखंड दुभाष्या नावासकट गुपचूप बसवून दिला. बाहेर सामाईक दुभाष्या होताच. त्याला हात लावला असता तर नागापूरला लगेच कळलं असतं. सामाईक विहीर तशीच ठेवायची आणि रात्रीतून आपल्या हद्दीत बोअर घ्यायचा, यातली ही गत. त्यांच्या गावात हे काम प्रत्येकाने एकदा तरी केलेलं होतं.

संध्याकाळी मशीन सुरू झालं. "बांधणी - अजिनाथ गर्जे." दगडाबाईने किटली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि मागे वळून श्रीमंतकडे बघितलं. अजिनाथने तेवढंच पाहिलं आणि उजेड आहे तोवर नगर गाठावं म्हणून गाडीला किक मारली. दूध मोजायला तो थांबला नाही.

नंतरचे दिवस त्याचे झकास गेले. ज्ञानेश्वरीसमोरून जाताना तो शीळ घालायला लागला. अख्ख्या जिल्ह्यात हिचं राज्य असेल, पण एका गावात माझं चालतं, या विचाराने त्याला गोड झोप लागायची.

एका दुपारी बजरंग शेठ नाचतच वर आले.

"अजिनाथ, तुझ्या गावाने नाव काढलं. तुझ्या त्या श्रीमंतची म्हैस. पासष्ट फॅट."

"किती?"

"पासष्ट. आपल्या मशीनने दिलंय, रोज देतंय. जग सहा-सातवर अडकलंय. सकाळीच जाऊन सत्कार करून आलो. म्हशीला शाल घातली, तिने ती खाल्ली. हा बघ फ्लेक्स."

त्यांनी मोबाईल पुढे केला. फ्लेक्सवर म्हैस होती, गळ्यात हार. म्हशीला खेटून श्रीमंत. खाली लिहिलं होतं, "गुणवत्ता ओळखणारे एकमेव मशीन". आणि कोपऱ्यात, गावचा सुपुत्र म्हणून, अजिनाथ. या खेपेला त्याचा फोटो मोठा होता. म्हशीएवढा.

पासष्ट हा आकडा चालूच शकत नाही, हे त्याला एरवी झोपेतही कळलं असतं. पण त्याची नजर श्रीमंतवर खिळली होती. सालं, आपल्याला नारळ धरायला लावतात आणि याच्या म्हशीला शाल. मत्सराला माणसं बरोबर ओळखू येतात, आकडे तेवढे वाचता येत नाहीत.

"सर, दोन मिनिटं," ज्ञानेश्वरी म्हणाली. शेठ खाली गेल्यावर ती त्याच्या टेबलाशी आली. तिच्याही मोबाईलवर तीच म्हैस होती. "पासष्ट फॅट म्हणजे म्हैस नाही सर, तुपाचा डबा झाला."

"मशीनच बिघडलं असेल."

"मी नेटवरून आत जाऊन पाहिलं. त्या मशीनमध्ये दुभाषे दोन आहेत. एक सामाईकातला, आणि एक भावाच्या प्रोग्रॅमच्या पोटात. दोघांनाही वाटतं आपणच घरधनी. जुना आकडा लिहितो दशांश एक घर धरून, नवा दोन घरं धरून. मशीन सुरू झाल्यावर पहिलं दूध आलं की लिहितो जुना आणि वाचतो नवा. फॅट दहावा हिस्सा होतं. दुसऱ्या दुधाला उलटं, लिहितो नवा आणि वाचतो जुना, तिथे दहापट. तिसऱ्यापासून उत्तर तयार असतं, मग भांडण मिटतं."

अजिनाथ टेबलावरच्या नटबोल्टांशी खेळत राहिला.

"जुनी प्रत राहून गेली असेल," तो म्हणाला.

"राहिली असेल," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि ते त्याला जास्त झोंबलं.

"तू माझं नाव का पुसलंस?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"कुठलं नाव?"

"सुरू होताना पहिली ओळ यायची ती."

ती आठवत राहिली. खरोखर आठवत राहिली, हे त्याला दिसत होतं. "ती होय. तिच्यामुळे मशीन उगाच थांबून राहायचं सर. मला वाटलं कोणीतरी तपासायला म्हणून टाकली आणि काढायची विसरलं. महत्त्वाची होती का?"

इतके दिवस तो ज्या शेकोटीवर फुंकर घालत बसला होता, तिच्या पलीकडे कोणी बसलेलंच नव्हतं.

"नाही," अजिनाथ म्हणाला.

"दहापटवाल्याचं एक बरं झालं," ती जाता जाता म्हणाली, "भाव वरच्या पायरीच्या पुढे जातच नाही, नुसता मान मिळाला. पण दहावा हिस्सा आला तर मशीन पाणी घातलंय म्हणून दूधच घेत नाही. सर, तिथे रोज पहिलं दूध कोण घालतं?"

अजिनाथने हेल्मेटसुद्धा घेतलं नाही.

गावात शिरताना शाळेच्या भिंतीवर म्हैस लागली होती आणि तिच्या शेजारी तो स्वतः. त्याने मान खाली घालून गाडी पुढे काढली. घराच्या दारातच गोड, करपट वास आला. दगडाबाई चुलीवर खवा आटवत बसली होती. फळीवर खव्याचे गोळे ठेवायला जागा नव्हती. गाईपुढे पेंडीचं नवं पोतं होतं आणि गाईच्या मानेवर इंजेक्शनची सूज.

"आलास व्हय," ती म्हणाली. "खवा ने आरतीला."

"आई, दूध घेईनात तुझं?"

"पानी हाय म्हनत्यात." तिने उलथनं फिरवलं. "गायच बिघडलीय. डागदर आनला, सुई दिली. त्यो म्हनतो गाईला काय झालं न्हाई. त्याला काय कळतंय."

"मला फोन का न्हाई केला?"

"कशाला? गहिनीनाथ म्हनला, मशीनचं चुकत आसंल, कंपनीला कळवू. मी म्हनलं खबरदार. त्यावर माझ्या पोराचं नाव हाय, त्ये खोटं कसं सांगंल. माझी गाय बिघडली म्हनून त्याच्या पोटावर पाय देता का?"

अजिनाथ उंबऱ्यावर बसला. खव्याचा धूर डोळ्यांत जात होता, म्हणून त्याला तोंड वळवायला जागा मिळाली.

"श्रीमंत काय म्हनतो?"

"त्यो म्हनतो, काकू, पानी जरा माप बघून घाला." ती उठली. "चल, डेअरी उघडायची येळ झाली."

"आज मी आधी जातो. तू मागून ये."

गहिनीनाथने त्याला मशीनपाशी सोडलं आणि तो दारात उभा राहून रस्ता बघू लागला. अजिनाथने भावाचा प्रोग्रॅम उघडला. आपला दुभाष्या काढायला त्याला पान खायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"काय घोळ हुता?" गहिनीनाथने विचारलं.

"आतल्या आत दोघं भांडत हुते."

"म्हंजे आपल्या गावाचं पानी लागलं त्याला," गहिनीनाथ म्हणाला. मग आवाज खाली आणून, "दगडाबाईला लई बोलले रं लोक. मी पन बोललो."

दगडाबाई आली. पहिला नंबर. मागे श्रीमंत, नव्या शर्टात, सकाळच्या सत्कारापासून तो त्याने उतरवलाच नव्हता. गहिनीनाथने बटण दाबलं. मशीन झटक्यात सुरू झालं. पडद्यावर "तयार" एवढंच आलं.

दगडाबाई पडद्याकडे बघत थांबली. पुढे काही येईल म्हणून थांबली. मग तिने अजिनाथकडे पाहिलं.

"नाव न्हाई आलं."

"न्हाई येनार आता."

तिने किटली तिरपी केली आणि दूध ओतलं. गहिनीनाथने वाटीत घेऊन मशीनखाली धरलं. मशीन जरा गुरगुरलं आणि चिठ्ठी बाहेर आली.

"तीन आठ," गहिनीनाथने मोठ्याने वाचलं, रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "दूध चोख हाय."

दगडाबाईने चिठ्ठी घेतली. आधी पडद्याकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे, मग परत पडद्याकडे. तिला वाचता येत नव्हतं, पण दोन गोष्टी एका ओळीत लावायला वाचता यावं लागत नाही. नाव होतं तेव्हा पाणी होतं. नाव गेलं आणि पाणी गेलं.

मागे श्रीमंतच्या म्हशीला साडेसहा आलं. "परत मोज," तो म्हणाला. परत साडेसहा आलं. तो रांगेकडे वळला. "कोनाची तरी दीष्ट लागली हिला. कोनाची ते मला म्हाईत हाय." त्याची नजर अजिनाथवर थांबली, आणि त्याचं म्हणणं सगळं खोटं होतं असंही नाही.

बाहेर टँकर येऊन लागला. ड्रायव्हर परगावचा, रोज नवी डेअरी, रोज नवी कुरबुर. तो पाइप ओढत आत आला आणि म्हणाला, "काय मावशी, मशीन नीट झालं म्हनत्यात. आठ दिस नुसती बोंब हुती तुमच्या डेअरीची. कुनी बिघडवलं, कुनी नीट केलं?"

गहिनीनाथ चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा करायला लागला. अजिनाथ भिंतीशी उभा होता.

"कंपनीचा मानूस आला हुता," दगडाबाई म्हणाली. "गेला त्यो."

तिने रिकामी किटली अजिनाथच्या हातात दिली आणि ती घराकडे चालायला लागली. तो तिच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून निघाला.